लिव्हर फायब्रोसिस: जपानी काढा घ्यावा का?

'डॉक्टर, हे जपानी औषध आहे, पूर्ण हर्बल. पप्पांना चालू करू का?' फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टवर 'एफ 3' दिसलं की घरातलं कुणीतरी मोबाईल पुढे करून हे विचारतंच.

लिव्हरला वारंवार इजा झाली की तिथल्या काही पेशी कोलॅजन तयार करू लागतात आणि मऊ लिव्हरमध्ये कडक धागे पसरतात. हे फायब्रोसिस. शेवटचा टप्पा 'एफ 4', म्हणजे सिरॉसिस.

जपानमधला प्रसिद्ध काढा म्हणजे 'शो-साइको-तो'. यात सात वनस्पती असतात. त्यातलं आलं आणि ज्येष्ठमध तर आपल्या घरातलेच. उंदरांवरच्या प्रयोगांत याने धागे कमी झालेले दिसले. 1995 मध्ये सिरॉसिसच्या 260 रुग्णांवरचा पाच वर्षांचा जपानी अभ्यास प्रसिद्ध झाला. काढा घेणाऱ्यांमध्ये लिव्हरचा कॅन्सर थोडा कमी दिसला, पण तो फरक ठाम म्हणावा इतका नव्हता.

पुढचा भाग जाहिरातीत नसतो. 1996 मध्ये जपान सरकारने या काढ्याबद्दल तातडीचा इशारा दिला: 88 रुग्णांच्या फुफ्फुसांना गंभीर सूज आली होती आणि त्यातले 10 दगावले होते. पुढे तिथे सिरॉसिसच्या रुग्णांना हा काढा देण्यास मनाईच झाली. म्हणजे ज्याला तो द्यावासा वाटतो, नेमका त्यालाच तो चालत नाही! शिवाय ज्येष्ठमधाने अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं. आधीच पोटात पाणी झालेल्या रुग्णाला हे महागात पडतं.

आपल्याकडे वेगळं नाही. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. माझं मत विचाराल तर, लिव्हर आधीच दुखावलेलं असताना गुळवेल नको. भुईआवळीचंही तसंच. 1988 मध्ये चेन्नईहून तिचा हिपॅटायटिस बीवरचा मोठा आशादायक निकाल आला, पण नंतरच्या अभ्यासांत तो पुन्हा मिळाला नाही.

मग करायचं काय? कारण गाठायचं. कारण थांबलं तर धागे काही प्रमाणात विरघळतात, 'एफ 3' मध्येसुद्धा. दारू असेल तर पूर्ण बंद. 'फक्त रविवारी' चालत नाही. फॅटी लिव्हर असेल तर वजन हळूहळू 10 टक्क्यांनी उतरवा, म्हणजे 80 किलोचे 72. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत आहेत. कोल्हापुरात सीपीआरमध्ये चौकशी करा.

काढा आधीच चालू असेल तर लपवू नका. बाटली, पुडी, जे असेल ते घेऊन या, आम्ही रागावत नाही. मात्र कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे होणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.