ब्लूटूथ माउस-कीबोर्ड अडकतोय? परत करण्याआधी हे वाचा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, नवीन ब्लूटूथ माउस घेतला, पण मध्येच अडकतो. पीस खराब आहे का? परत करू?" मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. कारण याच प्रकरणात माझा एक इंटरव्ह्यू गेलाय. आजचा एपिसोड त्यावरच केलाय, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी इथे लिहून काढलाय.

आधी माझी गोष्ट

बीटेकनंतरची माझी पहिली नोकरी घरूनच होती. पुण्यात आम्ही तिघं एका फ्लॅटवर, टेबल एकच. त्यामुळे लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसदिवस काम. सहा महिन्यांत मान आखडायला लागली, मनगट दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा. आता गंमत बघा, लॅपटॉपची स्क्रीन वर नेली की कीबोर्डही वर जातो. म्हणजे मान सुटली की खांदे अडकले!

यावर उपाय एकच: लॅपटॉप उंच ठेवायचा आणि कीबोर्ड-माउस वेगळा घ्यायचा. इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं शेवटी कामाला आली, ती लॅपटॉपखाली गेली. लॅपटॉपला पोर्ट मोजकेच, म्हणून ब्लूटूथचा कीबोर्ड आणि माउस घेतला. महिन्याभरात मानेला बराच फरक पडला.

मग एका चांगल्या कंपनीचा ऑनलाइन कोडिंग राउंड आला. ४५ मिनिटं, स्क्रीन शेअर. वायफायने दगा द्यायला नको म्हणून मी रूममेटचं यूएसबी ३ हब आणलं, त्यात लॅनची केबल लावली आणि हब लॅपटॉपच्या मागे, अगदी बिजागरीला चिकटवून ठेवलं. हार्ड डिस्कही त्यातच होती, बॅकअप चालू होता. दहाव्या मिनिटाला कीबोर्डने रंग दाखवला. एक अक्षर दाबलं की चार-चार उमटायची, काही अक्षरं गायबच व्हायची. समोरचे शांतपणे बघतायत आणि मी बॅकस्पेस दाबतोय. शेवटी उठून उभा राहिलो आणि पुस्तकांच्या ढिगावरच्या लॅपटॉपवर उभ्यानेच टाइप केलं. प्रश्न मला येत होता, पण वेळ गेला. पुढचा कॉल आला नाही.

तेव्हा मीही कीबोर्डलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी हब काढलं आणि तोच कीबोर्ड एकदम सुरळीत चालायला लागला. तेव्हा कुठे मी नीट वाचायला बसलो.

वायर नाही, म्हणजे रेडिओ आहे

आपण 'वायरलेस' म्हणतो आणि विसरून जातो. पण ब्लूटूथ माउस म्हणजे एक छोटा रेडिओच. तो बोलतो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात छोट्या उपकरणांना वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून सगळ्यांनी तिथेच दुकान थाटलंय. तुमचं जुनं वायफाय, डोंगलवाले माउस, ब्लूटूथ इअरबड्स, सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच फ्रिक्वेन्सीवर चालतो.

मग एवढ्या गर्दीत ब्लूटूथ चालतं तरी कसं? गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवरून बाइक काढणारा आठवा. तो एका लेनमध्ये थांबत नाही, जिथे फट दिसेल तिथे घुसतो. ब्लूटूथही तेच करतं. क्लासिक ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ चॅनल करतं आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलू शकतं. बऱ्याचशा नवीन माउसमध्ये ब्लूटूथ लो एनर्जी असतं. त्यात ४० चॅनल असतात, उड्या तुलनेने सावकाश असतात आणि वीज खूप कमी लागते. म्हणून एका पेन्सिल सेलवर माउस महिनोन्‌महिने चालतो. शिवाय २००३ पासून ब्लूटूथला आणखी एक शहाणपण आलंय: ज्या चॅनलवर सारखी गर्दी असते, ते चॅनल ते टाळतं.

मग माझा कीबोर्ड का गंडला?

कारण गर्दी एका लेनमध्ये नव्हती, पूर्ण रस्त्यावर होती. यूएसबी ३ मधून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने पळतो. तो पळताना केबल आणि कनेक्टरमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक पेपरच काढला होता. शिल्डिंग हलकं असेल तर हा त्रास वाढतो. लॅपटॉपचा अँटेना बऱ्याचदा बिजागरीजवळ किंवा स्क्रीनच्या कडेला असतो, आणि मी हब नेमकं तिथेच टेकवून ठेवलं होतं. ब्लूटूथने उड्या मारायच्या तरी कुठे?

आणि एका अक्षराची चार अक्षरं का? तुम्ही बटण दाबता तेव्हा कीबोर्ड 'दाबलं' असा निरोप पाठवतो. सोडता तेव्हा 'सोडलं' असा दुसरा निरोप. हा दुसरा निरोप उशिरा पोचला, तर लॅपटॉपला वाटतं तुम्ही बटण दाबूनच धरलंय. मग तो अक्षरं ओतत राहतो. म्हणजे बटणं ठणठणीत होती, निरोप अडकला होता.

माउस अडकत असेल तर हे करून बघा

१. यूएसबी ३ चं हब, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह लॅपटॉपपासून जरा लांब न्या. दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन केबल वापरा. हातभर अंतरानेही फरक पडतो.

२. वायफाय २.४ वर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, अँटेनाही वाटून घेतात. मोठं डाउनलोड चालू असताना माउस अडकतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

३. थोडा वेळ हात काढला आणि परत माउस हलवला की पहिला सेकंद तो जागा होत नाही? ही झोप वीज वाचवण्यासाठी असते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची परवानगी असते. तो टिक काढून बघा. तरी राहिलं तर ती माउसची स्वतःची झोप आहे, तिची सवय करून घ्या.

४. सेल बदला. साधी गोष्ट आहे, पण आपण सगळ्यात शेवटी तीच करतो.

५. काचेच्या टेबलावर माउस भरकटत असेल तर त्यात ब्लूटूथचा दोष नाही. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो काढून हालचाल ओळखतो, आणि स्वच्छ काचेवर त्याला काही दिसतच नाही. खाली एक वही ठेवा.

ब्लूटूथ घेऊ की डोंगलवाला?

हा प्रश्न दर वेळी येतो. ब्लूटूथला पोर्ट लागत नाही, हरवायला डोंगल नसतो. शिवाय बऱ्याच कीबोर्डवर १-२-३ अशी बटणं असतात, त्यांनी तोच कीबोर्ड लॅपटॉपवरून फोनवर नेता येतो. ज्यांच्याकडे अजून लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी तर हे भारीच आहे. अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ कीबोर्ड-माउस लावा, स्क्रीनवर बाणसुद्धा येतो. आयफोनला कीबोर्ड सरळ जोडला जातो, माउससाठी मात्र असिस्टिव्हटच चालू करावं लागतं.

डोंगलचे फायदेही खरे आहेत. लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये जायचं असेल, तर डोंगलचा कीबोर्ड सहसा चालतो, ब्लूटूथचा बहुतेक वेळा नाही, कारण विंडोजच अजून उठलेली नसते. आणि गेमिंगचे डोंगल दर १ मिलिसेकंदाला निरोप देतात, ब्लूटूथ लो एनर्जी माउसला साधारणपणे किमान ७.५ मिलिसेकंद लागतात. कोडिंग, एक्सेल, असाइनमेंटला हा फरक जाणवत नाही. नेमबाजीच्या गेमला जाणवतो.

एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरणाऱ्यांनो, इकडून तिकडे गेलं की माउस पेअरिंग विसरतो, बरोबर? पेअर करताना दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. दुसऱ्या सिस्टीमवर नवीन किल्ली बनली की जुनी चालत नाही. माउसवर १-२-३ बटण असेल तर विंडोजला १ आणि लिनक्सला २ द्या, प्रश्न मिटला.

एक गोष्ट सुरक्षेची

कीबोर्ड पेअर करताना स्क्रीनवर सहा आकडी नंबर येतो आणि तो कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायला सांगतात. कंटाळा करू नका, मध्ये तिसरा कुणी घुसलेला नाही याची ती खात्री असते. आणि फोन-लॅपटॉपचे अपडेट टाळू नका. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली एक त्रुटी जाहीर झाली होती. तिच्यामुळे जवळपासचा माणूस तुम्हाला न विचारता खोटा कीबोर्ड जोडून तुमच्या फोनवर टाइप करू शकत होता. अँड्रॉइड, लिनक्स, मॅक, आयफोन सगळ्यांनाच तिची झळ लागली. त्यावरचे दुरुस्तीचे अपडेट आले, पण ज्यांनी ते घेतलेच नाहीत त्यांचा दरवाजा अजून उघडाच आहे. गरज नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवा.

तर, परत करू का?

त्या श्रोत्याला मी एवढंच विचारलं, माउस नेमका कधी अडकतो? तो म्हणाला, लेक्चरचे व्हिडिओ डाउनलोड करताना. त्याला वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "चालतोय दादा, परत नाही करत."

माझ्या टेबलावर आजही तोच ब्लूटूथ कीबोर्ड आहे, मानही ठीक आहे. फक्त ड्रॉवरमध्ये एक साधा वायरचा कीबोर्ड आणि माउस पडून असतो. रोज वायरलेस वापरा, बिनधास्त वापरा. पण ऑनलाइन परीक्षा असेल, इंटरव्ह्यू असेल, त्या दिवशी वायर लावा. आणि आदल्या दिवशी, ज्या जागी बसणार त्याच जागी, सगळं जोडून अर्धा तास टाइप करून बघा. मी ते केलं असतं तर हब तेव्हाच सापडलं असतं.

तुमचा माउस कधी अडकतो, ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!