एड्सग्रस्त पोरांचे घर आणि त्यांचा सातबारा



बेणे, खत, पाणी यांवर या पानावर नेहमीच लिहिले जाते. या खेपेला विषय वेगळा आहे, पण आपल्या बांधापर्यंत येणारा आहे.

आपल्या परभणीला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील हासेगाव येथे, रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्ही बाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. बीडजवळ पाली येथे दत्ता व संध्या बारगजे हे दांपत्य 'इन्फंट इंडिया' चालवते. पंढरपूरला मंगलताई शहा यांची 'पालवी' आहे. आई-बाप गेलेली, भावकीने दूर लोटलेली गोरगरिबांची लेकरे तिथे राहतात. खर्चाचा मोठा भार लोकांच्या देणगीवर आहे. (देणगी म्हणजे फाटक्या कपड्यांचे गाठोडे नव्हे. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, गूळ द्यावा.)

अजूनही पुष्कळांना वाटते की असे घर म्हणजे मरणाची वाट बघण्याची जागा. एके काळी ते खरे होते. भारतात १९८६ साली हा विषाणू पहिल्यांदा आढळला, तेव्हा औषधच नव्हते. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या आणि चित्र पालटले. गोळी रोग मुळासकट उपटत नाही, पण विषाणूला दाबून धरते. मात्र ती रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यावी लागते. खाडे झाले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून अशा घरातले मोठे काम म्हणजे घड्याळ बघून गोळी देणे, पोटभर खाऊ घालणे, वेळेवर रक्त तपासून आणणे आणि शाळेत धाडणे. त्यामुळे लहानपणी आलेली पोरे आता कर्ती झाली. हासेगावात तर त्यांची आपापसांत लग्नेही लागली.

शाळेचे मात्र सोपे गेले नाही. २००९ साली ही मुले हासेगावच्या जिल्हा परिषद शाळेत बसू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुले पाठवणे बंद केले. भीती समजू शकते, पण ती फुकाची होती. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून, एका हापशाचे पाणी पिऊन हा रोग लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्याला आजी, मामा, चुलता आहे त्या लेकराला आश्रमात धाडण्याचे कारण नाही. गोळी घरीही घेता येते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रोगाचे निमित्त करून कोणाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

पण पुष्कळदा भांडण रोगाचे नसतेच, जमिनीचे असते. बाप गेला, आई गेली, पोरगं आश्रमात, आणि तीन एकर चुलत्याच्या वहितीत! ऊस वेळेवर गाळपाला येतो. बिल कोणाच्या नावावर निघते ते आपणच आठवून बघा. याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा लेकराच्या मालमत्तेचे कागद जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जपून ठेवायला देता येतात. घरातून हुसकावले तर तक्रारही तिथेच करता येते. पालकच गेला पाहिजे असे नाही, लेकराच्या भल्यासाठी झटणारा कोणीही जाऊ शकतो. लेकरू स्वतःही जाऊ शकते.

आपल्या गावात असे घर असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद झाली का, सातबाऱ्यावर अज्ञान वारसाचे नाव 'अ.पा.क.' म्हणून लागले का, ते पाहावे. मयत सभासदाच्या भाग दाखल्यावर वारसदार कोण लावला आहे, याची चौकशी कारखान्याच्या शेअर्स विभागात करावी. सोबत मृत्यूचा दाखला न्यावा. मरणाचे कारण सांगण्याची गरज नाही आणि कोणी विचारूही नये.