बेन्नूवरचे बारा तोळे

पृथ्वीला स्वतःच्या जन्माची आठवण उरलेली नाही. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ज्या खडकांपासून ती घडली, ते वितळले, खचले, पाण्याने झिजले. ते आदिद्रव्य पाहायचे तर लघुग्रहांकडेच जावे लागते. ग्रह घडताना मागे राहिलेल्या या तुकड्यांपैकी अनेक कधी वितळलेच नाहीत.

असे दगड अशनींच्या रूपाने पृथ्वीवर आपसूक पडतात. मग इतका खटाटोप कशासाठी? कारण इथली हवा लागताच ते बदलू लागतात. फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्ग्वे अशनीतील पांढऱ्या क्षारांच्या शिरा मूळच्या नव्हेत, संग्रहालयातील दमट हवेने तयार झालेल्या आहेत, असे पुढे दिसून आले.

म्हणून 'नासा'चे ओसायरिस-रेक्स यान २०१६ साली निघाले. सुमारे ५०० मीटर रुंदीच्या बेन्नू या लघुग्रहाला त्याने २० ऑक्टोबर २०२० रोजी क्षणभर स्पर्श केला. पृष्ठभाग इतका भुसभुशीत, की यानाचा हात आत रुतला. खडे अडकून झाकण उघडे राहिले आणि गोळा केलेले कण अवकाशात सांडू लागले. तेव्हा वजन घेण्याचा बेत सोडून नमुना तातडीने बंद करण्यात आला. २४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. तरीही डब्याचे ३५ पैकी २ स्क्रू निघेनात! त्यांच्यासाठी नवे अवजार घडवावे लागले. अखेर वजन भरले १२१.६ ग्रॅम, म्हणजे आजच्या सराफी हिशेबाने बारा तोळ्यांहून किंचित अधिक. अपेक्षा ६० ग्रॅमची होती.

जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या काळ्या भुकटीत खारे पाणी आटून उरलेले क्षार होते, साधे मीठही होते. सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए व आरएनए यांतील पाचही नत्रयुक्त घटक सापडले. एक आशा मात्र फोल ठरली. अमिनो आम्लांची डावी व उजवी अशी दोन रूपे असतात. सजीवांची प्रथिने डाव्या रूपांचीच बनतात. काही अशनींत डाव्यांचे आधिक्य आढळल्याने हा कल अवकाशातूनच आला असावा, असे अनेकांना वाटत होते. बेन्नूवर दोन्ही रूपे जवळपास समसमान निघाली. कोडे सुटण्याऐवजी अधिकच गहिरे झाले.

नमुन्याचा किमान ७० टक्के भाग पुढील पिढ्यांच्या संशोधकांसाठी राखून ठेवला आहे. अपोलो-१७ ने १९७२ मध्ये आणलेल्या चंद्रमातीची एक बंद नळी अशीच २०१९ मध्ये प्रथम उघडण्यात आली.