बोरॉनचा साठ वर्षांचा मुक्काम

मार्च १९५८मध्ये अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा चिमुकला उपग्रह कक्षेत गेला. त्याचा बॅटरीवरचा प्रक्षेपक जूनमध्येच मुका झाला. सौरघटांवरचा मात्र १९६४पर्यंत बोलत होता. बेल लॅबच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला तो १९५४ साली.

पण १९५८मध्येच पृथ्वीभोवतीचे व्हॅन अ‍ॅलन पट्टे सापडले. तिथले वेगवान इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सिलिकॉनच्या अणूला ठोकरून जागेवरून हलवतात आणि स्फटिकात खड्डा पडतो. प्रकाशाने मोकळे झालेले विद्युत्भार मग वाटेतच अडकून विरतात. तांबडा प्रकाश घटात खोलवर शोषला जातो, तिथल्या भारांची वाट लांबची. म्हणून आधी तिथलीच वीज आटते. ९ जुलै १९६२ला अमेरिकेने ४०० किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम हा अणुस्फोट केला आणि त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी अनेक उपग्रहांचे घट दुबळे केले. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार-१ उडाला. त्याच्या ३६०० घटांवर कृत्रिम नीलमण्याचं आवरण होतं.

त्या घटांची रचनाही नवी होती. पूर्वी तळ एन-प्रकारचा, म्हणजे फॉस्फरससारख्या मूलद्रव्याची भेसळ असलेला असे आणि त्यावर बोरॉनचा पातळ थर. आता बोरॉन तळात गेला, फॉस्फरस वर आला. अशा तळात इलेक्ट्रॉन प्रवास करतात, त्यांची चाल जलद, त्यामुळे मारा सोसूनही घट तग धरतो. अवकाशासाठी झालेली ही निवड जमिनीवरच्या कारखान्यांनीही उचलली. मला या सगळ्या इतिहासात हेच वळण सर्वांत निर्णायक वाटतं.

कारण १९७३मध्ये फिशर आणि प्शुंडर यांनी दाखवलं, की बोरॉनयुक्त घट साध्या उन्हातही पहिल्या काही तासांत थोडी क्षमता गमावतो, आणि सुमारे २०० अंशांवर तापवला की पुन्हा सावरतो. इथे अणू जागचा हलत नाही. क्वार्ट्झच्या मुशीतून स्फटिकात उतरलेला ऑक्सिजन आणि बोरॉन यांच्या संगतीतून दोष जागा होतो. त्याला जागवतात ते प्रकाशाने निर्माण केलेले भार. अंधारात वीज सोडली तरी तेच घडतं. हा उलगडा व्हायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. एक-दोन टक्क्यांची घट किरकोळ वाटेल, पण ती असंख्य छपरांवर, असंख्य प्रकल्पांत होत होती.

२००६मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या संशोधकांनी उष्णता आणि प्रकाश एकत्र देऊन हा दोष टिकाऊपणे निवळवता येतो, हे दाखवलं. बोरॉनऐवजी गॅलियमचा पर्याय त्याआधीच सुचला होता. अडचण अशी, की स्फटिक ओढताना गॅलियम वितळलेल्या सिलिकॉनमध्येच मागे रेंगाळतं आणि कांडीची दोन टोकं सारखी निघत नाहीत. तरीही २०२०च्या आसपास कारखाने झपाट्याने त्याकडे वळले.

पाठोपाठ टॉपकॉन नावाचे नवे घट आले. त्यांचा तळ एन-प्रकारचा आणि बोरॉन वरच्या पातळ थरात, १९५४च्या पहिल्या घटात होता तसाच.