सरड्याचं पिल्लू का खुरटतं?

मंडळी, पावसाळ्यात रहिमतपूरकडच्या कुंपणांवर सरड्याची बोटाएवढी पिल्लं दिसतात. एखादं किरकोळ पिल्लू मुलं खोक्यात घालून पोसतात. ते मात्र खुरटतच जातं. असं का व्हावं?

सरड्याला स्वतःची ऊब नसते. ऊन मिळालं तरच खाल्लेलं पचतं. उन्हानंच अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊन हाडं बळकट होतात. खायलाही तोंडात मावतील असे जिवंत किडे हवेत, भाताची शितं नव्हेत. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा लोक घरी पाळतात, तेव्हा पेटीत खास दिवे लावून उन्हाची उणीव भरून काढावी लागते.

आपल्याकडे ऊन आणि किडे फुकट आहेत! तेव्हा गुरुजी, पिल्लू सापडलं त्याच झुडपावर मुलांच्या हातून सोडवा. मग रोज लांबून पाहा, ते कसं वाढतं.