परदेशी पार्सलचा माग

माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या गावाहून परदेशस्थ मुलाकडे दिवाळीचा फराळ टपालाने रवाना होतो. पहिले काही दिवस त्याच्या प्रवासाच्या नोंदी संगणकावर दिसतात आणि मग एकाएकी थांबतात. पार्सल गहाळ झाले, अशा समजुतीने घरात चिंता पसरते. बहुधा ती अनाठायी असते.

पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. अखेरची 'आय-एन' ही अक्षरे भारताची खूण होय. हा क्रमांक जेथे वाचला जातो, तेथेच नोंद होते. विदेश टपाल कचेरीत सीमाशुल्क तपासणी झाल्यावर पार्सल थैलीत जाते व थैली मोहोरबंद होते. विमान कंपनी सांभाळते ती थैली. आत कोणाचे काय आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. परदेशात थैली उघडून क्रमांक पुन्हा वाचला जाईपर्यंत, मग विमानात जागेअभावी कितीही दिवस जावोत, नवी नोंद होत नाही. साध्या पत्रांना तर हा क्रमांकच नसतो.

घोषणापत्रात नुसते 'भेटवस्तू' लिहिल्यास सीमाशुल्क अधिकारी पार्सल अडवण्याचा संभव वाढतो. वस्तू, वजन व किंमत स्पष्ट नोंदवावी. काही विलंब मात्र कोणाच्याच हाती नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालावरील शुल्कमाफी रद्द केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडील पार्सलसेवा स्थगित करावी लागली. ऑक्टोबरच्या मध्यावर ती सुरू झाली, तोवर दिवाळी तोंडावर आली होती.

तथापि वाट पाहण्यासही मर्यादा आहे. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार पार्सल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत चौकशीचा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी मूळ पावती हाताशी असावी लागते.