गेम छापायचा बंद झाला, मग आपल्या कॅरेक्टरचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी दोनदा भरकटलो होतो, तेवढं इथे कापलंय.

तर झालं असं. आमच्या रविवारच्या गेमला एक नवीन मैत्रीण आली. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे डी अँड डी. पण आजची आवृत्ती नाही, २००३ सालची, जिला सगळे ‘साडेतीन’ म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. बोर्ड नसला तरी चालतं, पण नियमांचं पुस्तक लागतं. तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “पुस्तक कुठल्या दुकानात मिळेल?” आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. या आवृत्तीची नवी पुस्तकं निघणं २००८ मध्येच थांबलं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही मेलेला गेम खेळताय?”

प्रश्न डोक्यात राहिला. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एखाद्या गोष्टीचा सपोर्ट संपला की सिक्युरिटी पॅच येत नाहीत, आणि एक दिवस ती चालतच नाही. पुस्तकातल्या गेमचं तसं नाही. कंपनीने छापणं थांबवलं म्हणून तुमच्या कपाटातलं पुस्तक कोरं होत नाही. त्या रविवारी काहीच बदलत नाही. बदलतं ते हळूहळू: पुस्तकं फाटतात, ग्रुपमधलं कोणी बंगळुरूला जातं, आणि नवीन माणसाला आत यायला दार उरत नाही. म्हणजे खरा प्रश्न असा, की नवीन दार बांधायची परवानगी कोणाकडे आहे?

इथे डी अँड डीचीच दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. गेम एकच, मालकही एकच, विझर्ड्स ऑफ द कोस्ट. शेवट मात्र दोन तऱ्हेचे.

पहिलं उदाहरण आमचं साडेतीन. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा विझर्ड्समधल्या रायन डॅन्सी यांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या धर्तीवर एक लायसन्स आणलं, ओपन गेम लायसन्स. सोबत नियमांचा मोठा मजकूर फुकट दिला, त्याचं नाव एसआरडी. हा मजकूर घ्या, बदला, त्यावर स्वतःची पुस्तकं विका. कंपनीचा हिशोब सरळ होता: बाकीच्यांनी साहसकथा छापल्या तर मूळ पुस्तक आपलंच खपेल.

मग जून २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि साडेतीन थांबलं. पायझो नावाची कंपनी तोवर डी अँड डीची ड्रॅगन आणि डंजन ही मासिकं छापायची. २००७ मध्ये तो करारही संपला होता. त्यांनी एसआरडी उचलली, दुरुस्त्या केल्या, कच्चा मसुदा खेळाडूंना फुकट तपासायला दिला आणि ऑगस्ट २००९ मध्ये पाथफाइंडर नावाने स्वतःचा गेम काढला. आमच्या भाषेत याला ‘फोर्क’ म्हणतात. फोर्क इतका चालला की पुढे काही काळ हॉबी दुकानांच्या विक्रीच्या यादीत तो खुद्द डी अँड डीच्या वर होता!

अर्थात सगळं मिळालं नाही. अमेरिकन कायद्यात खेळण्याच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो, ती सांगणाऱ्या शब्दांवर आणि चित्रांवर असतो. लायसन्सने शब्दही दिले, पण काही खास गोष्टी कंपनीने राखून ठेवल्या. बिहोल्डर, म्हणजे तो मोठ्या डोळ्याचा तरंगता गोळा, पाथफाइंडरमध्ये नाही. फरगॉटन रेल्म्स हे जगही नाही. त्यांना गोलारियन नावाचं स्वतःचं जग उभं करावं लागलं. नियम वाचले, भूगोल गेला.

आता दुसरं उदाहरण, चौथी आवृत्ती. तिचं लायसन्स बरंच आवळलेलं होतं. आणि तिची गाडी कंपनीच्या ऑनलाइन टूल्सवर चालायची. कॅरेक्टर बनवताना पर्याय इतके, की दर महिन्याचे पैसे भरून कॅरेक्टर बिल्डर वापरणं सोपं पडायचं. आधी तो कॉम्प्युटरवर उतरवून घेता यायचा. २०१० च्या शेवटी ब्राउझरमध्ये गेला, तोही मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर. (हे नाव वाचून माझ्या वयाच्या डेव्हलपरांनी एक सुस्कारा सोडावा.) २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले, आणि १ जानेवारी २०२० पासून टूल्स बंद. कपाटातली पुस्तकं राहिली, पण लोक ज्याच्या भरवशावर खेळत होते ते गेलं. आणि पायझोसारखं कोणी तो मजकूर उचलून पुढे नेईल, अशी सोय लायसन्समध्ये नव्हती.

मला वाटतं, खरा फरक इथेच आहे. चौथी आवृत्ती वाईट होती म्हणून तिचं असं झालं, असं लोक म्हणतात. मी तिचे दोन-चार गेम खेळलोय, लढाईला ती झकास आहे. तिला फोर्क करता आलं नाही, एवढंच.

पीडीएफ आहे की, असं म्हणाल. एप्रिल २००९ मध्ये विझर्ड्सने पायरसीचं कारण देऊन डी अँड डीच्या सगळ्या पीडीएफची विक्री एकदम थांबवली. जुन्या आवृत्त्या अधिकृतपणे पुन्हा विकत मिळायला जानेवारी २०१३ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं प्रामाणिक माणसाला पैसे देऊनही त्या डाउनलोड करता येत नव्हत्या.

ही जुनी भांडणं नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ते २००० सालचं खुलं लायसन्सच रद्दबातल करायचा घाट घातला होता. मसुदा फुटला, खेळाडू खवळले, आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीची एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकली. ती परवानगी आता परत घेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अजून एक: डी अँड डी बियाँड या साइटवर लोकांच्या कॅरेक्टर शीटमधले २०१४ चे मंत्र काढून तिथे नवे २०२४ चे घालायचं ठरलं होतं. ओरड झाली, तेही मागे घेतलं. कागदाच्या पुस्तकात असं घरात शिरून कोणी पान बदलू शकत नाही. तुमचं कॅरेक्टर फक्त ॲपमध्ये असेल, तर आज रात्री त्याची पीडीएफ काढून ठेवा.

आमच्या मैत्रिणीला मी साडेतीनची एसआरडी पाठवली. दोन दिवसांनी तिचा मेसेज: “यात कॅरेक्टर सुरुवातीला कसं बनवायचं तेच नाहीये!” बरोबर आहे. तेवढा भाग कंपनीने मुद्दाम गाळला होता, मूळ पुस्तक खपावं म्हणून. मग मी व्हॉइस नोट पाठवली: चार फासे टाक, सगळ्यात लहान आकडा सोडून दे, उरलेल्या तिघांची बेरीज कर. असं सहा वेळा. तिचा सर्वात मोठा आकडा सतरा आलाय, आणि ती रेंजर होणार आहे.